टेकनपूरचे नाव आणि घरातला कुत्रा : प्रशिक्षक कसा निवडावा

ग्वाल्हेरमध्ये कुत्र्यासाठी प्रशिक्षक शोधायला निघालेल्या माणसाला पहिल्या दोन-चार फोनांतच एक वाक्य हमखास ऐकू येते : "सर, मैं टेकनपूर से हूँ." झाशी रस्त्यावर शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि तिथेच १९७० पासून या दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र चालते. स्फोटके हुंगून काढणारी, माग काढणारी, सरहद्दीवर गस्त घालणारी कुत्री तिथे तयार होतात. त्यांत जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर असतात, तशाच अलीकडे रामपूर हाउंड आणि आपल्याकडे कारवानी म्हणून ओळखली जाणारी मुधोळ या देशी जातीही असतात. या नावाला आपल्या भागात जे वजन आहे ते रास्तच आहे. मात्र ते नाव सांगणाऱ्याने तिथे नेमके कोणते काम केले, किती काळ केले आणि तुमच्या कुत्र्याला जे शिकायचे आहे त्याच्याशी त्या कामाचा किती संबंध आहे, हे प्रश्न त्या एका वाक्याने सुटत नाहीत.

दलातला कुत्रा पिल्लू असतानाच पारखून घेतलेला असतो, त्याचा ठरलेला एक हँडलर असतो, तो केनेलमध्ये राहतो आणि त्याच्या दिवसाला कामाची चौकट असते. दौलतगंजातल्या वाड्यात किंवा थाटीपूरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला मात्र घरातल्या पाच माणसांचे पाच स्वभाव सांभाळायचे असतात, दाराची घंटा, दूधवाला, कुकरची शिट्टी, पाहुण्यांची लहान मुले आणि गल्लीतली भटकी कुत्री हे सारे सोसायचे असते. खरे सांगायचे तर घरातल्या कुत्र्याचे मुख्य काम दिवसाचा बराच वेळ काहीही न करता शांत पडून राहणे हेच असते, आणि ते शिकवणे ही उडी मारायला किंवा "अटॅक" करायला शिकवण्यापेक्षा वेगळी आणि अधिक चिकाटीची विद्या आहे. दलातून निवृत्त झालेल्या काही प्रशिक्षकांना ही दोन्ही कामे उत्तम येतात. ज्याला येतात, तो पहिल्याच भेटीत कुत्र्याइतकेच घराकडेही लक्ष देतो : दार कोण उघडते, जेवण कोण घालते, कुत्रा झोपतो कुठे, दिवसातला किती वेळ तो एकटा असतो, हे तो स्वतःहून विचारतो.

कागदपत्रांवर किती विसंबावे, याबद्दल आधीच सावध करणे बरे. आपल्या देशात "डॉग ट्रेनर" अशी पाटी लावण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. पैदास आणि विक्री करणाऱ्यांना २०१७ च्या नियमांनी आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनी नोंदणीच्या कक्षेत आणले. प्रशिक्षक या दोन्हींत बसत नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला मारणे, लाथाडणे हा गुन्हा ठरवला खरा, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड त्याने १० ते ५० रुपये एवढाच ठेवला, आणि तेवढ्यात महाराज बाड्याच्या बाजारात दोघांची कचोरी जेमतेम होते. थोडक्यात, चुकीच्या माणसाच्या हाती कुत्रा सोपवल्यावर कायदा तुमच्या मदतीला फारसा येणार नाही. पारख आधीच करावी लागेल. केनेल क्लबची कागदपत्रे बहुधा कुत्र्याच्या वंशावळीविषयी असतात. ती दाखवणाऱ्याच्या शिकवण्याच्या कौशल्याचा पुरावा ठरत नाहीत. परदेशी प्रमाणपत्रांपैकी सीपीडीटी-केए या श्वान प्रशिक्षकांच्या प्रमाणपत्रासाठी आधीच्या तीन वर्षांत किमान ३०० तास शिकवल्याचा अनुभव आणि परीक्षा लागते व ते पुढे वेळोवेळी नूतनही करावे लागते, म्हणून त्याला काही अर्थ आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचे सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र त्या तोलाचे नव्हे.

आपली अडचण नेमकी कोणती

प्रशिक्षकाला फोन करण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवावी : कुत्र्याला काही शिकवायचे आहे, त्याची भीती किंवा राग कमी करायचा आहे, की तो आजारी आहे? कालपर्यंत मुलांशी खेळणारा कुत्रा आज हात लावताच गुरगुरत असेल, किंवा वर्षभर नीट बाहेर जाणारा कुत्रा एकाएकी घरात लघवी करू लागला असेल, तर आधी पशुवैद्याकडे जावे. कानाचा संसर्ग, खुब्याच्या सांध्याचे दुखणे, मूत्रमार्गाचा दाह, गोचिडांमुळे येणारा ताप या सगळ्यांत कुत्रा चिडचिडा होतो आणि ते शिस्तीच्या अभावासारखे दिसते. वागणे अचानक बदलल्याचे सांगितल्यावर जो प्रशिक्षक "डॉक्टरला दाखवलेत का?" असे विचारतो, त्याच्या बाजूने एक खूण करावी.

भीतीचे प्रकरण वेगळे असते. आपल्या भागात लग्नसराईत बँड आणि डीजे दारावरून जातात, वरातीत बंदुका उडवण्याची खोडही अजून गेलेली नाही, आणि दिवाळी तर आहेच. फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली शिरून थरथरणाऱ्या कुत्र्याला "सिट" येत नाही म्हणून तो थरथरत नसतो. त्याच्यावर उपाय म्हणजे अगदी हळू आवाजापासून सुरुवात करून, प्रत्येक आवाजासोबत त्याला आवडीचे काही खायला देत, आठवडे घालवून तो आवाज पायरीपायरीने वाढवत नेणे. काही कुत्र्यांना याबरोबर पशुवैद्याने दिलेले औषधही लागते. "डीजेच्या शेजारी बांधून ठेवा, आपोआप सवय होईल," असे सांगणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावावे.

पिल्लाच्या बाबतीत वयाचा प्रश्न येतो आणि इथे जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांचा एक ठराविक सल्ला असतो : "सहा महिने होऊ द्या, मग या." या सल्ल्याचे मूळ जुन्या पद्धतीत आहे, गळ्याला झटका देऊन शिकवायचे, तर कोवळी मान ते सोसत नाही, म्हणून थांबायचे. खाऊ देऊन शिकवायचे असेल तर थांबण्याचे कारणच उरत नाही. उलट वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याला पुढे आयुष्यभर नेहमीचे वाटते. हा काळ निघून गेला की तेच काम दुप्पट कष्टाचे होते. लसींचा क्रम साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, त्यामुळे या काळात पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नये. पण कडेवर घेऊन रिक्षा, सायकली, छत्रीवाली माणसे, हेल्मेट घातलेली माणसे दाखवता येतात. हे लसीकरण आणि ही ओळख एकाच वेळी कशी सांभाळायची, हे ज्याला नीट सांगता येते तो पिल्लासाठी योग्य माणूस समजावा.

देशी कुत्रा पाळणाऱ्यांनी आणखी एक चाचणी करावी. "गावठी आहे, शिकणार नाही" असे म्हणणारा माणूस स्वतःच शिकायचा राहिलेला असतो.

विचारायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

फोनवर "आपण किती कुत्री ट्रेन केलीत?" असे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी "शेकडो" असेच येते. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावेत. माझ्या कुत्र्याने तुम्ही सांगितलेले केले तर त्याला काय मिळेल? आणि नाही केले तर त्याचे काय होईल? पहिल्याचे उत्तर खाऊ, खेळ, मोकळे सोडणे असे ठोस असावे. "मी शाबासकी देतो" एवढेच असेल तर पुढे सगळी भिस्त धाकावर आहे असे धरावे. दुसऱ्या प्रश्नावर अनुभवी माणूस सांगतो की कुत्रा चुकला तर मी काम सोपे करतो, अंतर वाढवतो, गोंधळाची जागा बदलतो. "थोडा झटका लागतो," "मग त्याला कळेल बॉस कोण," "ते माझ्यावर सोडा" ही उत्तरे आली की पुढचे बोलणे वाढवू नये.

या "बॉस"च्या कल्पनेचा उगम पाहिला तर तिच्यावर घर चालवणे किती फोल आहे ते कळते. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून कळपात सत्तेसाठी सतत झगडा चालतो असा समज पसरला. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९९९ मध्ये मांडले की तो कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंबच असते. शिवाय कुत्रा हा लांडगा नव्हे आणि आपण तर दोन्हीही नव्हे. तरीही कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरणारे, त्याच्या ताटातले अन्न मुद्दाम काढून घेणारे प्रशिक्षक अजून भेटतात, आणि त्यांनी "सुधारलेला" कुत्रा घरातल्या लहान मुलाला चावला की दोष कुत्र्याच्या जातीवर जातो.

साधनांबद्दल थेट विचारावे. ओढताच गळ्याभोवती आवळणारी चोक चेन, आतून काटे असलेला गळपट्टा आणि विजेचा झटका देणारी शॉक कॉलर यांपैकी काहीही वापरणार असेल तर नकार द्यावा. वेल्सने शॉक कॉलरवर २०१० मध्येच बंदी घातली. आपल्याकडे मात्र ती ऑनलाइन मागवता येते. पोर्तुगालमधल्या पोर्टोच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धाकाने शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले. धाकाने कुत्रा शिकत नाही असे नाही. तो शिकतो, पण काय शिकतो हे आपल्या हाती राहत नाही. समोरून दुसरा कुत्रा येताच दर वेळी गळ्याला झटका बसत असेल, तर त्याच्या लेखी दुसरा कुत्रा आला की गळा दुखतो, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि मग तो पुढच्या वेळी दुरूनच भुंकू लागतो.

प्रत्यक्ष पाहावे, आणि कुत्र्याकडे पाहावे

कोणालाही ठरवण्याआधी त्याची दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यासोबत चाललेली शिकवणी पाहायला मागावी. "मालक समोर असला की कुत्रा ऐकत नाही" असे सांगून जो पाहू देत नाही, त्याला तिथेच सोडावे. पाहताना आपली नजर सहसा प्रशिक्षकाच्या रुबाबाकडे जाते; ती कुत्र्यावर ठेवावी. एका मैदानात मी सकाळी एका लॅब्रॅडॉरची शिकवणी पाहत होतो. आज्ञा सुटताच तो बसत होता, उठत होता, पायाला चिकटून चालत होता, आणि कडेला उभे असलेले मालक खूश होते. पण त्याचे तोंड घट्ट मिटलेले होते, जीभ सारखी नाकावरून फिरत होती, कान मागे चिकटलेले होते. मध्येच प्रशिक्षकाने कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि त्याबरोबर त्या कुत्र्याने मान आत ओढून डोळे मिटले. त्या हाताने आजवर काय केले असेल हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

तोंड सैल उघडे, शेपूट कमरेच्या उंचीवर हलती, मधूनमधून प्रशिक्षकाकडे स्वतःहून वळणारी नजर, ही शिकण्यात रमलेल्या कुत्र्याची लक्षणे. झोप नसताना जांभया देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, शेपूट पोटाखाली, एक पाय उचलून थिजून उभे राहणे, ही ताणाची. यांतले एखादे लक्षण क्वचित दिसले तर बिघडत नाही, पण अशा वेळी प्रशिक्षक काय करतो ते पाहावे : चांगला माणूस थांबतो, दोन पावले मागे येतो, काहीतरी सोपे करून घेतो आणि तिथेच सेशन संपवतो.

"आता कसा शांत झालाय बघा" या वाक्यापासूनही सावध राहावे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके कशानेही टाळता आले नव्हते, त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांनी पुढे सुटकेचा मार्ग समोर असतानाही धडपड सोडून दिली आणि झटके सोसत पडून राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला हे निपचित पडणे शिस्तीसारखे दिसू शकते. शांत कुत्रा खाऊ घेतो, आवाजाकडे वळून बघतो, अंग सैल टाकून एका कुशीवर पडतो. थिजलेला कुत्रा यांपैकी काहीच करत नाही.

घरी बोलवावे की तिकडे ठेवावे

कुत्र्याला महिनाभर प्रशिक्षकाकडे ठेवून "तयार" परत आणण्याची पद्धत नोकरदार घरांना सोयीची वाटते, आणि मला ती सर्वांत कमी पसंत आहे. तिथे काय चालते ते आपल्याला दिसत नाही, पाठवलेले व्हिडिओ निवडक असतात, अनेक कुत्री एकत्र राहत असल्याने पार्व्होसारख्या रोगांचा धोका असतो, आणि मुख्य म्हणजे कुत्रा त्या माणसाचे, त्या जागी ऐकायला शिकतो. घरी आल्यावर आठवडाभर सगळे सुरळीत चालते आणि मग जैसे थे. अगदीच नाइलाज असेल तर न कळवता भेट देण्याची मुभा, सर्व कुत्र्यांच्या लसींच्या नोंदी पाहण्याचा हक्क आणि परत आल्यावर घरी येऊन कुटुंबाला शिकवण्याची काही सेशन्स, एवढे तरी आधी ठरवून घ्यावे.

घरी येणाऱ्या प्रशिक्षकाकडून अपेक्षा ही, की त्याने कुत्र्यापेक्षा आपल्याला अधिक शिकवावे. तासभरातली पंचेचाळीस मिनिटे तो स्वतःच दोरी धरून असेल आणि आपण ओसरीवर चहा पीत असू, तर पैसे चुकीच्या जागी जात आहेत. त्याने दोरी आपल्या हाती द्यावी, आपली चूक तिथल्या तिथे दाखवावी आणि पुढच्या भेटीपर्यंत रोज पाच-पाच मिनिटांचा सराव नेमून द्यावा. मराठी घरांत इथे एक व्यावहारिक अडचण येते : प्रशिक्षक हिंदीत आज्ञा देतो, मुले इंग्रजीत, आणि आजी आपल्या मराठीत. कुत्र्याला कोणतीही भाषा चालते, पण एका कृतीला एकच शब्द लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून शब्द ठरवून ते फ्रिजच्या दारावर लिहून लावावेत, आणि त्यांत आजींना सहज उच्चारता येतील असे शब्द घ्यावेत, कारण दिवसभर घरी त्याच असतात.

खाऊचा प्रश्नही पहिल्याच दिवशी निघतो. शाकाहारी घरात प्रशिक्षकाने चिकनचा आग्रह धरला तर कुरबुर होते. तशी गरजही नसते. पनीर किंवा उकडलेले रताळे वाटाण्याएवढे तुकडे करून बहुतेक कुत्र्यांना पुरते. द्राक्षे, मनुका, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा असलेले शुगर-फ्री पदार्थ मात्र कुत्र्याला विषारी असतात, आणि प्रसादातल्या शिऱ्यातला मनुका वेचून काढण्याइतकी काळजी घ्यावी. भूक लागावी म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला सांगणारा प्रशिक्षक नको; सेशन जेवणाआधी ठेवले की तेवढी भूक पुरते.

वेळेबद्दल प्रशिक्षक किती आग्रही आहे, हेही पाहावे. ग्वाल्हेरचा मे महिना पाऱ्याला ४५ अंशांच्या पुढे नेतो. त्या दिवसांत सकाळी सूर्य वर येण्याआधी किंवा रात्री उशिराच कुत्र्याला बाहेर न्यावे, आणि डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसणारा नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात दुपारी चारला मैदानात बोलावणारा माणूस बाकी कितीही चांगला असला तरी नको.

पैसे आणि निर्णय

फी ठरवताना एकूण आकड्यापेक्षा त्यात काय येते ते लिहून घ्यावे : सेशन किती, प्रत्येक किती वेळाचे, कोणत्या गोष्टी शिकवणार, सुट्टी पडली तर काय, मध्ये अडल्यास फोनवर बोलता येईल का. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. सुरुवातीला दोन-तीन सेशन्सचेच पैसे द्यावेत. "शंभर टक्के गॅरंटी" देणाऱ्याकडून काही घेऊ नये, कारण सजीव प्राण्याच्या वागण्याची हमी कुणी देऊ शकत नाही. अमुक आठवड्यांत अमुक सवय इतपत सुधारावी, असा अंदाज मात्र जाणता माणूस देतो आणि न जमल्यास योजना बदलतो. चावलेल्या कुत्र्याचे प्रकरण असेल तर तो पशुवैद्याला बरोबर घेतो, तोंडाला जाळीदार मझल घालायची सवय खाऊ देऊन आधी लावतो, आणि काम आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर तसे स्पष्ट सांगतो.

चार-पाच सेशन्सनंतर प्रशिक्षकाला फाटकाबाहेर थांबायला सांगून घरातल्या सर्वांत मृदू आवाजाच्या माणसाने कुत्र्याला हाक मारावी. तो आनंदाने येत असेल आणि प्रशिक्षक परत आत आल्यावरही त्याच्याकडे शेपूट हलवत जात असेल, तर निवड योग्य आहे. प्रशिक्षकाची स्कूटर वाजताच तो सोफ्यामागे लपत असेल, तर झालेल्या सेशन्सचे पैसे देऊन तिथेच थांबावे. महिना-दोन महिने शिकवणी बंद राहिल्याने कुत्र्याचे काही बिघडत नाही. पुढच्या प्रशिक्षकाला मात्र आधी काय काय झाले, कोणती साधने वापरली, मारहाण झाली असल्याचा संशय आहे का, हे सारे पहिल्या भेटीआधीच सांगावे, कारण गळ्याकडे येणाऱ्या हाताची धास्ती घेतलेला कुत्रा नव्या माणसाने सहज पट्टा धरायला हात पुढे केला तरी चावू शकतो.